मुतखड्याचा सीटी : लातूरच्या औसा रोडवरचं एक सेंटर

मशीन १६ स्लाईसचं, म्हणजे एका फेरीत १६ काप घेणारं आहे आणि मुतखड्याला तेवढं पुरतं. १२८ स्लाईसची पाटी बघून संभाजीनगर गाठायची गरज नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी असेल तर मात्र ६४ च्या खाली जाऊ नये.

काउंटरवरची पहिली गोष्ट आवडण्यासारखी. चिठ्ठीवर 'सीटी केयूबी' (किडनी, मूत्रनळ्या आणि लघवीची पिशवी यांचा साधा सीटी) असेल तर इथे उगाच कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं रंगद्रव्य, गळ्यात मारत नाहीत. ते औषध मूत्रमार्गात उतरलं की खड्यासारखंच पांढरं दिसतं आणि खडा त्यात हरवतो. दुसऱ्या कारणासाठी कॉन्ट्रास्ट लागलाच, तर किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघतात, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का, पूर्वी ॲलर्जी आली होती का, हेही विचारतात.

फोनवर मात्र सगळ्यांना एकच उत्तर, 'उपाशीपोटी या'. साध्या सीटीला उपाशी राहावं लागत नाही. मे महिन्यात अहमदपूरहून एसटीनं येणारा मुतखड्याचा पेशंट पाण्यावाचून ठेवायचा, म्हणजे उलटाच कारभार! लघवीची पिशवी थोडी भरलेली असली तर मूत्रनळीच्या खालच्या टोकाचा खडा उलट नीट ओळखू येतो.

मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत आहे, पण टेक्निशियन आधी मराठीत 'श्वास घ्या, धरा, सोडा' असा दोनदा सराव करून घेतो. श्वासाबरोबर किडनी वरखाली होते, त्यात बारीक खडा पुसट होतो. मूत्रनळी पिशवीत उघडते त्या तोंडाशी खडा दिसला तर पेशंटला पालथं झोपवून तेवढाच भाग पुन्हा घेतात. खडा पोटाच्या बाजूला घरंगळला तर तो पिशवीत पडलाय, हलला नाही तर तोंडाशीच अडकलाय. हे करायचा कंटाळा पुष्कळ ठिकाणी दिसतो, इथे नाही.

रिपोर्ट अर्धवट वाटतो. मिलिमीटर, जागा, किडनीची सूज सगळं असतं, पण खड्याची हाउन्सफिल्ड घनता (सीटीवर मोजलेला घट्टपणा) नसते. या मापात पाणी ०, हवा उणे १०००. खडा १००० च्या वर असेल तर शरीराबाहेरून दिलेल्या शॉकवेव्हनं (धक्कालहरींनी) फुटायला जड जातो. ५०० च्या खाली असेल तर युरिक ॲसिडचा असू शकतो आणि तसला खडा गोळ्यांनी विरघळू शकतो. मशीनवर खड्यावर एक गोल काढला की आकडा समोर येतो, लिहायला काय जातं?

फिल्म ५ मिलिमीटरच्या कापांची मिळते, त्यात २-३ मिलिमीटरचा खडा फिका पडून निसटू शकतो. म्हणून सीडीवर १ मिलिमीटरचे काप मागून घ्यावेत, तेही त्याच दिवशी. जागा भरली की हा डेटा मशीनवरून पुसला जातो.

अंगानं बेताचा पेशंट असेल तर 'लो डोस' सांगावं. नेहमीच्या स्कॅनला १० मिलिसीव्हर्टच्या आसपास किरणं लागतात, यात साधारण ३. सांगितलं तर करतात, आपणहून नाही. गरोदरपणाबद्दलही बायकांना तोंडी विचारत नाहीत. दारावर पाटी आहे, तीही इंग्रजीत.