टोरंटोची ‘रेंटसेफ टीओ’ सेवा: एका भाडेकरूने केलेले परीक्षण

टोरंटोत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून भाडे, बस, शाळा आणि भारतीय किराणा या गोष्टींची चौकशी हमखास होते. इमारतीची देखभाल कशी आहे, हा प्रश्न मात्र बहुधा करारावर सही झाल्यावर, म्हणजे पहिली कडाक्याची थंडी पडल्यावर किंवा स्वयंपाकघरात पहिले झुरळ दिसल्यावर निघतो. खरे तर या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सही करण्यापूर्वीच शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून वाचता येते. ही सोय ज्या योजनेमुळे झाली, तिचे नाव ‘रेंटसेफ टीओ’. मी भाड्याच्या उंच इमारतीत राहते, या योजनेचा उपयोग मी स्वतः केला आहे आणि शेजाऱ्यांनाही तो करून दिला आहे. एक सार्वजनिक सेवा म्हणून ती मला चांगली वाटते, आवश्यक तर निश्चितच वाटते. पण तिचे हात कुठपर्यंत पोहोचतात हे नीट समजून न घेता तिच्यावर विसंबणारा भाडेकरू फसतो, असेही माझे स्पष्ट मत आहे.

टोरंटोच्या नगर परिषदेने ही योजना 1 जुलै 2017 पासून लागू केली. तीन किंवा अधिक मजले आणि दहा किंवा अधिक सदनिका असलेली, मुळात भाड्यानेच देण्यासाठी बांधलेली प्रत्येक इमारत तिच्या कक्षेत येते आणि शहरात अशा सुमारे साडेतीन हजार इमारती आहेत. मालकाला दरवर्षी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि सदनिकेमागे ठरावीक शुल्क भरावे लागते. या योजनेआधीही देखभालीचे नियम होतेच, परंतु कोणी तक्रार केली तरच अधिकारी येत असत. आता तक्रार असो वा नसो, इमारतीची तपासणी ठरलेल्या काळात व्हायलाच हवी, हा त्यातला मूलभूत फरक आहे.

कक्षेबाहेर काय राहते, हे आपल्या लोकांनी आधी लक्षात घ्यावे. कॉन्डोमिनियममधली (म्हणजे प्रत्येक सदनिकेचा मालक वेगळा असलेल्या इमारतीतली) एखाद्या खासगी मालकाने भाड्याने दिलेली सदनिका, घराचे तळघर, टाउनहाउस आणि सहकारी गृहसंस्था यांना ही योजना लागू होत नाही. नव्याने येणारे विद्यार्थी आणि तरुण जोडपी नेमकी तळघरात किंवा कॉन्डोमध्ये राहतात. त्यांना शहराचे सर्वसाधारण देखभाल नियम लागू असतात आणि त्यांची तक्रारही घेतली जाते, पण नियमित तपासणी, गुणांकन आणि जाहीर नोंद यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. ज्यांना घरांची निवड करण्याची थोडीफार मोकळीक आहे, त्यांनी जुन्या पण योजनेत नोंदलेल्या इमारतीकडे केवळ ती दिसायला चकचकीत नाही म्हणून पाठ फिरवू नये.

इमारतीत शिरल्यावर मी पाहुण्यांना पहिल्यांदा सूचना फलक दाखवते. लॉबीत किंवा लिफ्टजवळ, सर्वांना सहज दिसेल अशा जागी असा फलक ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. आमच्याकडे तो काचेच्या कुलूपबंद पेटीत आहे. त्यात तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा याचा कागद, स्वच्छतेचे वेळापत्रक, कीटकनाशक फवारणीच्या तारखा, पाणी किंवा वीज बंद राहणार असल्यास त्याची पूर्वसूचना आणि इमारतीच्या ताज्या गुणांकनाची प्रत लावलेली असते. घर पाहायला गेल्यावर व्यवस्थापक सदनिकेतला नवा रंग आणि नवे फ्रिज दाखवत असतो, तेव्हा दोन मिनिटे काढून हा फलक वाचावा. त्यावरच्या तारखा मागच्या वर्षीच्या असतील, किंवा फवारणीचा कागद मुळातच नसेल, तर व्यवस्थापनाच्या कारभाराविषयी कळायचे ते तिथेच कळते.

सेवेचा खरा उपयोग सुरू होतो तो लेखी विनंतीपासून. भाडेकरूच्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवणे मालकाला भाग आहे. पाणी, वीज, उष्णता यांसारख्या तातडीच्या बाबींची दखल 24 तासांच्या आत आणि इतर बाबींची सात दिवसांच्या आत त्याने घ्यायची असते. लिफ्टमध्ये भेटलेल्या व्यवस्थापकाला तोंडी सांगणे म्हणजे काहीही न सांगण्यासारखेच आहे, कारण पुढे अधिकारी विचारतो ते एवढेच: मालकाला लेखी कळवले होते का, आणि कधी. आमच्या मजल्यावरच्या एका टोकाच्या घरांमध्ये एका हिवाळ्यात रेडिएटर जेमतेम कोमट होत असत. शेजारच्या आजी अंगावर शाल आणि त्यावर कोट घालून स्वयंपाक करत होत्या. व्यवस्थापनाला अनेकदा तोंडी सांगून झाले होते आणि दर वेळी ‘बघतो’ एवढेच उत्तर मिळाले होते. आम्ही एका कागदावर खोलीनिहाय तापमान, वेळ आणि तारीख लिहिली, थर्मामीटरचे फोटो काढले, विनंती लेखी दिली आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल न झाल्याने 311 या शहराच्या माहिती-तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवली. अधिकारी आले, त्यांनी त्या घरांत स्वतःच्या उपकरणाने तापमान मोजले आणि टिपून घेतले. थंडीच्या हंगामात घरात किमान 21 अंश सेल्सिअस तापमान राखले पाहिजे, हा शहराचा नियम आहे. तिथे आकडा थेट बोलत होता, वादाला जागाच नव्हती. त्यानंतर व्यवस्थापनाने दुरुस्तीसाठी माणूस पाठवला आणि आजींच्या स्वयंपाकघरातला रेडिएटर तापू लागला. तक्रार क्रमांक जपून ठेवल्यामुळे पुढची चौकशी करणेही सोपे गेले. 311 वर इंग्रजी न येणाऱ्यांसाठी दुभाष्याची सोय आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

आता गुणांकनाकडे वळते, कारण या सेवेतला सर्वांत जास्त बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा भाग तोच आहे. 2023 पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीत इमारतीची तपासणी किमान दोन वर्षांतून एकदा होते आणि पन्नास बाबींवर तिला गुण दिले जातात; पूर्वीच्या पद्धतीत बाबी वीसच होत्या. जिने, लिफ्ट, लॉबी, कपडे धुण्याची खोली, कचऱ्याची व्यवस्था, वाहनतळ, बाहेरच्या भिंती, बाल्कन्यांचे कठडे, छत आणि यंत्रसामग्री असे सारे अधिकारी पाहतात. त्या यादीत नसते ते तुमचे घर. अधिकारी सदनिकेच्या दारापर्यंत येतो आणि भाडेकरूने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. घरातल्या त्रुटी नोंदल्या जातात त्या फक्त तक्रारीतून, आणि नव्या पद्धतीत अशा नोंदींचा गुणांवर परिणाम होतो. म्हणजे जिथले भाडेकरू घाबरून किंवा माहितीच्या अभावी गप्प बसतात, तिथली बुरशी, गळके नळ आणि ढेकूण गुणपत्रिकेत उमटतच नाहीत. उत्तम गुण मिळालेल्या इमारतीत स्नानगृहाच्या छतावर काळी बुरशी पसरलेली मी पाहिली आहे, आणि ते गुण खोटे नव्हते. ते दुसऱ्याच गोष्टींचे होते.

यावर माझी अपेक्षा साधी आहे. प्रत्येक तपासणीत काही सदनिका, भाडेकरूंच्या संमतीने, नमुना म्हणून आतून पाहिल्या जाव्यात. कमी गुण मिळालेल्या इमारतीची सविस्तर तपासणी होते तेव्हा शहराचे कर्मचारी लॉबीत टेबल मांडून बसतात आणि भाडेकरूंच्या घरातल्या तक्रारी तिथेच लिहून घेतात. ही पद्धत अतिशय चांगली आहे. कामावरून परतणारी, मुलांना घेऊन येणारी, आयुष्यात कधी 311 ला फोन न केलेली माणसेही तिथे थांबतात आणि बोलतात. हेच टेबल प्रत्येक नियमित तपासणीच्या दिवशी प्रत्येक इमारतीत लागले, तर गुणांकनाचे चित्र पुष्कळ बदलेल.

गुण दर्शनी भागात ठळकपणे लावण्याचा विषयही इथे येतो. टोरंटोतल्या उपाहारगृहांच्या दारावर ‘डाइनसेफ’ योजनेची हिरवी, पिवळी किंवा लाल पाटी असते, तशीच रंगीत पाटी भाड्याच्या इमारतींच्या प्रवेशद्वारावर असावी, ही मागणी भाडेकरू संघटनांनी आणि नगरसेवक जॉश मॅटलो यांनी अनेक वर्षे लावून धरली आहे. मला ती मान्य आहे, मात्र वर सांगितलेली उणीव आधी भरून निघावी. घरांच्या आत न पाहता लावलेली हिरवी पाटी मालकाला जाहिरात म्हणून वापरता येईल आणि आतल्या भाडेकरूचे म्हणणे आणखी दुबळे होईल.

अंमलबजावणीच्या बाबतीत शहराच्या स्वतःच्याच यंत्रणेने कठोर परीक्षण केले आहे. टोरंटोचे लोकपाल क्वामे अॅडो यांनी या योजनेची चौकशी करून 2023 मध्ये अहवाल दिला. तक्रारी पुरेसा पाठपुरावा न करता बंद केल्या जाणे, आपल्या तक्रारीचे काय झाले हे भाडेकरूला न कळणे, अशा गंभीर त्रुटी त्यात दाखवून दिल्या होत्या. शहर प्रशासनाने शिफारशी स्वीकारल्या. नगर परिषदेने नियम करायचे, प्रशासनाने ते राबवायचे आणि लोकपालांनी त्या राबवण्याचा हिशेब मागायचा, ही साखळी इथे निदान कागदावर तरी पूर्ण आहे आणि तो अहवाल कोणालाही वाचता येतो. मुंबईत उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या मंडळाकडे वर्षानुवर्षे खेटे घातलेल्या कुटुंबांतून आलेल्या आमच्यासारख्यांना या पारदर्शकतेचे मोल लगेच कळते.

नियम अनुभवातून घट्ट झाल्याचे एक उदाहरण टोरंटोतल्या सेंट जेम्स टाउन या वस्तीतले आहे. 650 पार्लमेंट स्ट्रीट या उंच इमारतीत ऑगस्ट 2018 मध्ये वीजयंत्रणेतील बिघाडातून आग लागली आणि सुमारे पंधराशे रहिवासी बेघर झाले. त्यांना घरी परतायला 2020 उजाडले. त्यानंतर विद्युत देखभालीचा आराखडा आणि पाणी, वीज, उष्णता यांसारख्या अत्यावश्यक सेवा खंडित झाल्यास काय करायचे याचा आराखडा, अशी बंधने मालकांवर आली. घर पाहताना हे आराखडे आहेत का, असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शहराचे अधिकार कुठे संपतात, हेही सांगणे आवश्यक आहे. आदेश पाळला नाही तर शहर मालकावर खटला भरू शकते, तसेच दुरुस्ती स्वतः करून तिचा खर्च मालकाच्या मालमत्ता करात वसूल करू शकते. भाडे कमी करून देणे किंवा झालेल्या त्रासाची भरपाई देणे मात्र शहराच्या हातात नाही. त्यासाठी ओंटारियो प्रांताच्या ‘लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड’ या न्यायाधिकरणाकडे टी-6 अर्ज (देखभाल न केल्याबद्दल भाडेकरूने करायचा अर्ज) करावा लागतो, आणि तिथे शहराच्या अधिकाऱ्याने दिलेला आदेश भक्कम पुरावा ठरतो. रागाच्या भरात भाडे थांबवू नये, कारण त्यामुळे घर सोडण्याची नोटीस काढायला मालकाला आयतेच कारण मिळते. उलट, तक्रार केली म्हणून घराबाहेर काढतील, ही जी भीती आपल्या अनेकांच्या मनात बसलेली असते, तिच्याविरुद्ध कायद्याचे संरक्षण आहे: भाडेकरूने सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली म्हणून मालक त्याला काढू पाहत असल्याचे दिसले, तर प्रांताच्या 2006 च्या कायद्यानुसार बोर्डाला तो अर्ज नाकारावा लागतो. दुरुस्तीच्या नावाखाली घर रिकामे करून घेण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी टोरंटोने 31 जुलै 2025 पासून स्वतंत्र परवाना पद्धतही आणली आहे. एन-13 नोटीस (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पाडकामासाठी घर सोडण्याची नोटीस) हातात पडल्यास मालकाने शहराकडे परवान्यासाठी अर्ज केला आहे का, हे आधी तपासावे.

शेजारच्या शहरांत नियम वेगळे आहेत. मिसिसागाने 2022 मध्ये भाड्याच्या इमारतींसाठी अशीच योजना सुरू केली आणि तिथे दोन मजले व सहा सदनिका असल्या तरी इमारत कक्षेत येते. ब्रॅम्प्टनने 2024 मध्ये काही प्रभागांत चारपर्यंत सदनिका असलेल्या भाड्याच्या घरांसाठी परवान्याचा प्रयोग हाती घेतला. तळघरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रयोग मला टोरंटोच्या योजनेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण दाटीवाटीने राहणारी आणि आगीच्या वेळी बाहेर पडायला धड दुसरा मार्ग नसलेली मुले अशाच घरांत असतात.

टोरंटोत या योजनेत बदल होतात ते नगर परिषदेच्या नियोजन आणि गृहनिर्माण समितीतून. समितीसमोर कोणताही रहिवासी नाव नोंदवून साधारण पाच मिनिटे बोलू शकतो. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर दूरदृश्य माध्यमातून बोलता येते किंवा लेखी निवेदन पाठवता येते. रेंटसेफ टीओचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येईल तेव्हा दोनच मागण्या मांडाव्यात, असे मी आमच्या मजल्यावरच्या सर्वांना सांगितले आहे: प्रत्येक तपासणीत संमतीने काही घरे आतून पाहावीत, आणि तक्रार बंद करण्यापूर्वी ती करणाऱ्या भाडेकरूला फोन करून काम झाले का, हे विचारावे.