अलास्का क्रूझ, ‘कोनिंग्सडॅम’: मोझार्ट डेकवरच्या शेजारशेजारच्या दोन केबिन

हॉलंड अमेरिका लाइनच्या ‘कोनिंग्सडॅम’ जहाजावरून आम्ही आठवडाभराची अलास्का क्रूझ करून आलो. व्हँकुव्हरहून निघून जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परत व्हँकुव्हर. आल्यापासून इथल्या, म्हणजे सिएटलच्या, मराठी मंडळींचा एकच प्रश्न चालू आहे: जवळजवळ वर्षभर आधी बुक केलंत, मग पैसे किती वाचले? फारसे नाही वाचले. लवकर बुकिंग केल्याने आम्हाला हवी ती केबिन हव्या त्या जागी मिळाली. सांगलीहून आलेले, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा बरोबर होते. त्यांच्यासाठी मला जागाच महत्त्वाची होती, म्हणून हा सगळा परीक्षणाचा खटाटोप केबिनबद्दलच आहे.

जहाज निवडण्याआधी बंदर निवडलं. सिएटलहून सुटणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद, आडोशाच्या पाण्यातून जातात. आईला आंबा घाटातसुद्धा गाडी लागते. त्यामुळे घराजवळचं बंदर सोडून अडीच-तीन तास गाडी चालवत सीमा ओलांडायची, हे आधीच ठरलं. आई-बाबांसाठी कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेळेत काढावा लागला. भारतीय पासपोर्टवर तो लागतोच, अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा असून भागत नाही. सिएटलहून जाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजांना अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे वाटेत परक्या देशातलं एखादं बंदर घ्यावंच लागतं, आणि ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं.

आता केबिन. पहिल्यांदा ज्या एजंटशी बोलले त्याने ‘गॅरंटी’ भाडं घ्यायचा खूप आग्रह केला. म्हणजे बाल्कनीची केबिन नक्की, पण कुठली ते कंपनी ठरवणार. माणशी शंभर-सव्वाशे डॉलर स्वस्त. तरुण जोडप्यांनी खुशाल घ्यावं, कधीकधी वरच्या दर्जाची खोलीही पदरात पडते. पण दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाला गॅरंटीमध्ये एक केबिन पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला मिळू शकते. हे जहाज जवळजवळ तीनशे मीटर लांब आहे. बाबांच्या गुडघ्यांना तेवढा कॉरिडॉर दिवसातून चार वेळा तुडवायला लावायचा, हे मला मान्यच नव्हतं. एजंट बदलला.

ऑनलाइन शोधताना एक गोष्ट फार उपयोगी पडली. माणसं दोन टाकली की मोकळ्या केबिनची लांबच लांब यादी येते. तीन टाकली की तीच यादी एकदम आखडते. तिसऱ्या माणसासाठी सोफा-बेड किंवा वरून खाली येणारा बंक लागतो आणि तो प्रत्येक केबिनमध्ये नसतो. शिवाय त्या भागातल्या प्रवाशांची संख्या लाइफबोटींच्या क्षमतेशी जुळावी लागते, म्हणून केबिन रिकामी दिसली तरी तिसरा माणूस नाकारला जाऊ शकतो. आम्ही दोघं आणि लेक एका केबिनमध्ये, आई-बाबा शेजारी, अशी आमची जुळणी होती. म्हणून आधी तिघांची केबिन शोधली, मग तिच्या डाव्या-उजव्या बाजूला दोघांची काय मोकळी आहे ते पाहिलं. उलट क्रमाने शोधलं असतं तर ही जोडी सापडली नसती. नव्या एजंटने दोन्ही एक दिवसासाठी होल्ड करून ठेवल्या आणि रात्री नवरा आणि मी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचे नकाशे, उघडून बसलो.

डेक प्लॅन वाचायला मला मनापासून आवडतं. आपला मजला पाहून भागत नाही, वरचा आणि खालचाही पाहावा लागतो. ‘कोनिंग्सडॅम’चे केबिनवाले बरेच मजले पाश्चात्त्य संगीतकारांच्या नावांचे आहेत: चौथा बीथोवन, पाचवा गर्श्विन, सहावा मोझार्ट, सातवा शूबर्ट. आठव्याचं नाव नेव्हिगेशन. त्याच्या वर नववा लिडो, तिथे पोहण्याचा तलाव आणि बुफे. म्हणजे आठव्यावर मधोमध केबिन घेतली की डोक्यावर खुर्च्या सरकणार. चौथ्यावरच्या काही केबिनच्या खिडकीसमोर लाइफबोटी येतात. पाचव्यावरून खाली पाहिलं तर बोटींचे माथे नजरेत येण्याची शक्यता. सहाव्याच्या वरही केबिन, खालीही केबिन, म्हणजे शांतता. आणि तो फार उंचावरही नाही.

उंचीचा आणि टोकांचा मुद्दा आईसाठी होता. एसटीत मागच्या सीटवर जसे जास्त हादरे बसतात, तसं जहाजाच्या पुढच्या-मागच्या टोकांना जास्त हलतं. मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी. व्हँकुव्हर बेट संपलं की क्वीन शार्लट साउंडमध्ये काही तास आडोसा सुटतो आणि जहाजाला मोकळ्या समुद्राच्या लाटा लागतात. त्या पट्ट्यात आईने आल्याची वडी चघळली, पडून राहिली, आणि झोप लागली. मला एवढंच हवं होतं.

प्लॅनवर लिफ्टजवळ काही कोऱ्या, नाव नसलेल्या चौकोनी जागा दिसतात. तिथे बहुतेक कर्मचाऱ्यांची पँट्री असते, भल्या पहाटे ट्रॉल्या निघतात. म्हणून मधल्या लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून केबिन घेतल्या. बाबांना चालायला जवळ आणि तरी आवाज नाही. दोन केबिनच्या मधून दार असलेल्या जोड्याही होत्या, पण त्या दारातून पलीकडचा टीव्ही ऐकू येतो, आणि बाबा बातम्या मोठ्या आवाजात लावतात. त्या टाळल्या. शेजारशेजारच्या बाल्कन्यांतून हाका मारता येत होत्या, तेवढं पुरलं.

बाल्कनीच्या केबिनचं क्षेत्रफळ कंपनी बाल्कनी धरून साधारण २२८ ते ४०५ चौरस फूट असं देते. पल्ला केवढा मोठा आहे पाहा. त्यामुळे भाड्याचा आकडा सारखा दिसला तरी प्लॅनवर खोलीचा आकार मोजून पाहावा. आमची तिघांची केबिन मध्यम होती. सोफा उघडला की टेबल भिंतीला लावावं लागायचं, पण बॅगा पलंगाखाली गेल्या आणि कपाटं भरपूर निघाली. बाथरूम स्वच्छ, शॉवरला धरायला दांडी. केबिन सांभाळणारा इंडोनेशियाचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून आईसाठी न सांगता गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवायचा. जेवणात शाकाहाराची नोंद बुकिंगच्या वेळीच केली होती, ती नीट पाळली गेली.

डावी बाजू की उजवी, यावर मात्र डोकं शिणवलं नाही. जाऊन-येऊन एकाच बंदरात परतायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या वाट्याला किनारा येतोच. व्हँकुव्हरहून एकमार्गी उत्तरेला अलास्कातल्या व्हिटियर बंदरापर्यंत जाणार असाल तर उजवी घ्या, किनारा त्या बाजूला राहतो. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबून सावकाश गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना ती दिसते. बाबा स्वेटर, मफलर आणि वर जहाजाचं ब्लँकेट घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत सकाळपासून बसले होते. बर्फाचा कडा कोसळल्याचा आवाज दिसण्याच्या नंतर येतो, हे त्यांनी मुलीला तिथेच समजावलं, घड्याळात सेकंद मोजायला लावून अंतर काढायला शिकवलं. ते हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचे. वरच्या डेकवरच्या गर्दीत, वाऱ्यात उभं राहून त्यांना हे जमलं नसतं. बाल्कनीचे जास्तीचे पैसे मला त्या एका सकाळीच वसूल वाटले.

बाल्कनी परवडत नसेल तर आतली केबिन घ्या, पण तीही मधल्या भागातली आणि स्वतः नंबर निवडून. अलास्काचा हंगाम साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत. बुकिंग दीड-दोन वर्षं आधीही उघडतं आणि तिघा-चौघांच्या केबिन सगळ्यात आधी जातात. मनासारखी मिळाली नाही तरी पूर्ण पैसे भरायच्या मुदतीच्या सुमारास, म्हणजे सुटण्याच्या साधारण तीन महिने आधी, यादी पुन्हा उघडून पाहा. एजंटांनी गटांसाठी अडवून ठेवलेल्या केबिन तेव्हा मोकळ्या होतात आणि नंबर बदलून घेता येतो.