निबंध आला, ईमेल आलाच नाही

"तुला ईमेल कसला आला होता गं?" मैत्रिणीने सहज विचारलं. ऑगस्ट २०२४ संपत आला होता, आम्ही हिंजवडीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा पीत होतो. तिने आदल्याच आठवड्यात पीटीई ही इंग्रजीची परीक्षा दिली होती, मी तिच्या पंधरा दिवस आधी. मी म्हटलं, ईमेल काही नव्हता बाई, मला निबंध होता. ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "निबंध? कोअरमध्ये निबंध नसतो."

'कोअर' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तोवर एका सल्लागाराकडे एक लाख दहा हजार रुपये भरून झाले होते. फाइलचे सत्तर, क्लासचे बावीस, परीक्षेचे अठरा.

मी मूळची सांगलीची, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा पगार, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसू आलं तर मोकळेपणाने हसा. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या योजनेतून प्रयत्न करायचा, असं मी ठरवलं होतं. आत्तेभाऊ मिसिसॉगाला असतो, तो म्हणाला, "स्वतः कर, अवघड नाही." पण बाबांना वाटलं, एवढं मोठं काम, जाणकार माणूस हवा. एसटीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा एजंटवर विश्वास नसतो, पण पाटी लावलेल्या ऑफिसवर असतो. त्यांनी एफडी मोडली.

ऑफिस चकाचक होतं. भिंतीवर मेपलचं पान, शेजारी कांगारू, रिसेप्शनवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे पासपोर्ट हातात धरलेले फोटो. फोटोंतली सगळी मुलं वीस-बावीसची होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. ते दुकान विद्यार्थ्यांचं होतं, पीआरचं काम त्यांनी जोडधंदा म्हणून घेतलं होतं.

पहिल्याच भेटीत सल्लागार सरांनी माझा विश्वास जिंकला, तोही खरं बोलून. माझ्याकडे आयईएलटीएस या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेचा २०२१ चा निकाल होता, एमएस करायचं डोक्यात होतं तेव्हाचा. त्यांनी तो पाहिला न पाहिला आणि परत दिला. "दोन वर्षांच्या पुढे चालत नाही मॅडम, नवीन द्यावी लागेल." शंभर टक्के बरोबर. फक्त तो निकाल त्या परीक्षेच्या अकॅडमिक प्रकाराचा होता आणि पीआरसाठी तिचा जनरल ट्रेनिंग हा प्रकारच लागतो, म्हणजे तो ताजा असता तरी बाद होता, हे काही ते बोलले नाहीत. त्यांना ते माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग ते म्हणाले, आता आयईएलटीएसच्या नादी लागू नका, कॅनडाने पीटीई घ्यायला सुरुवात केली आहे, कॉम्प्युटरवर असते, निकाल दोन दिवसांत. हेही खरं. आणि पुढे, "आमच्या क्लासच्या मुलांची पीटीई कॅनडाने घेतली आहे." हेसुद्धा खरं!

फसवणूक म्हटली की आपण खोटं शोधायला जातो. मला सांगितलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं होतं, पण ते दुसऱ्याच अर्जासाठी खरं होतं. पीटीई नावाची एकच परीक्षा नाही. पीटीई अकॅडमिक वेगळी, पीटीई कोअर वेगळी. ऑगस्ट २०२३ पासून कॅनडा शिकायला जाणाऱ्यांच्या एसडीएस योजनेत अकॅडमिक घेऊ लागला होता, क्लासची मुलं त्याच वाटेने गेली होती. (ती योजनाही ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली.) पीआरसाठी ३० जानेवारी २०२४ पासून जी चालू लागली ती पीटीई कोअर, आणि फक्त कोअर. इंग्रजीसाठी तिथल्या यादीत तेव्हा तीनच नावं होती: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर. त्यातही सेल्पिपची 'जनरल एलएस' नावाची नुसती ऐकण्या-बोलण्याची धाकटी बहीण आहे, ती नागरिकत्वाच्या अर्जाला चालते, पीआरला नाही. जुळ्या भावंडांसारखी नावं आणि आत वेगळाच अभ्यासक्रम. कोअरमध्ये ईमेल लिहायचा असतो, अकॅडमिकमध्ये निबंध. आयईएलटीएसमध्येही तसंच. जनरलला पत्र, अकॅडमिकला आलेख-तक्ता. तुम्ही काय लिहून आलात यावरून तुम्ही कुठली परीक्षा दिलीत ते कळतं. मला ते कँटीनमध्ये कळलं.

घरी जाऊन निकालाची पीडीएफ उघडली. वर ठळक अक्षरांत पीटीई अकॅडमिक लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांत ती पीडीएफ मी किती जणांना पाठवली असेल! बाबांना, आत्तेभावाला, दोन मावश्यांना. सगळ्यांनी आकडे पाहिले, मी पण आकडेच पाहिले. आत्तेभावाने अंगठा पाठवला होता. नंतर तो म्हणाला, मी आयईएलटीएसवर आलोय, मला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून सरांकडे गेले. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण जसंच्या तसं लिहिते, कारण ते ऐकून मी क्षणभर गप्प झाले होते, इतकं ते पटण्यासारखं होतं. "मॅडम, अकॅडमिक म्हणजे शिकलेल्या लोकांसाठी. तुम्ही बी.ई. आहात. कोअर बारावीवाल्यांसाठी. वरची परीक्षा दिली तर खालची आपोआप झालीच ना?" आपल्याकडे हे तर्कशास्त्र चालतंच. ग्रॅज्युएट असाल तर दहावीचा दाखला कोण मागतं? पण यादीत वरची-खालची असं काही नसतं. यादीत नाव असतं किंवा नसतं. त्याच निकालावर मी ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतरासाठी अर्ज करू शकले असते. म्हणजे कागद अस्सल होता, माझ्या कामाचा नव्हता.

मी म्हटलं, माझं प्रोफाइल दाखवा. प्रोफाइल आठवड्यापूर्वी त्यांनीच भरलं होतं, पासवर्ड त्यांच्याकडे. "आमची पद्धत आहे, क्लायंटला पासवर्ड देत नाही, लोक काहीतरी दाबून ठेवतात." बराच वेळ का-कू झाल्यावर काउन्सेलर मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. भाषेच्या परीक्षेच्या रकान्यात पीटीई कोअर निवडलेलं होतं. खाली चारही आकडे माझे.

इथे माझे हातपाय गार पडले. पैसे जाणं वेगळं आणि हे वेगळं. मी न दिलेल्या परीक्षेचे गुण माझ्या नावावर कॅनडा सरकारला कळवलेले होते. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार अर्जात चुकीची माहिती दिली तर पाच वर्षं दार बंद, आणि ती एजंटने भरली म्हणून अर्जदार सुटत नाही. निकाल परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून पडताळला जातो, म्हणजे कधी ना कधी सापडलंच असतं. सरांचं म्हणणं काय, तर "ड्रॉपडाउनमध्ये अकॅडमिकचा ऑप्शनच नाही, मग जवळचं टाकलं. सगळे टाकतात." अहो, ऑप्शन नाही याचा अर्थ काय होतो!

मी त्यांच्यासमोर बसून प्रोफाइल मागे घ्यायला लावलं. जास्त गुणवाल्या प्रोफाइलना तिकडून येणारं अर्ज करायचं निमंत्रण मला अजून आलं नव्हतं, म्हणून एवढ्यावर भागलं. ते आलं असतं तर साठ दिवसांत पूर्ण अर्ज जातो, त्यांनी तो असाच पाठवला असता आणि मी कौतुकाने पेढे वाटले असते.

त्या रात्री मी जे करायला हवं होतं ते सहा महिने उशिरा केलं. सरांच्या कार्डावर 'रजिस्टर्ड कन्सल्टंट' आणि आर अक्षरापुढे सहा आकडी नंबर होता. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर तिथला वकील तरी लागतो, नाहीतर तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजचा परवाना. ते रजिस्टर इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. नंबर टाकला तर नाव भलत्याच माणसाचं, राहणार ओंटारिओ. सरांचं नाव टाकलं तर कोरं पान. मग कळलं की एक्सप्रेस एंट्रीचं प्रोफाइल भरायला सरकारी फी शून्य आहे. आमच्या सत्तर हजारांच्या फाइलमधली मोठी रक्कम 'प्रोफाइल सबमिशन' या नावाखाली होती.

अकॅडमिकच का, याचं उत्तर काउन्सेलर मुलीने नोकरी सोडल्यावर मला फोनवर दिलं. क्लासने अकॅडमिकची व्हाउचर घाऊक घेऊन ठेवली होती, विद्यार्थी कमी झाले होते, ती खपवायची होती. एवढंच.

माझं पैशांपलीकडचं नुकसान सहा गुणांचं. ऑक्टोबरमध्ये मला एकतीस वर्षं पूर्ण झाली. एकट्या अर्जदाराला तीस पूर्ण असताना वयाचे १०५ गुण मिळतात, एकतीस पूर्ण झाल्यावर ९९. सहा गुण काय ते, असं बाहेरच्याला वाटतं, पण तिथे एकेका गुणावर माणसं अडकून बसलेली असतात. नोव्हेंबरमध्ये मी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डावर आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग बुक केली. बुक करताना 'जनरल ट्रेनिंग' हे शब्द आईला मोठ्याने वाचायला लावले. आई म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही म्हणून बरंय, मी नुसतं नाव वाचते." सीएलबी नऊसाठी, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरच्या नवव्या पातळीसाठी, ऐकण्यात आठ बँड लागतात, बाकी तिन्हींत सात. मला ऐकण्यात साडेसात पडले. तो दोष कुणाचाच नाही, माझ्या कानांचा आहे.

हे घरात सांगितल्यावर साताऱ्याच्या वहिनीचं प्रकरण बाहेर निघालं. लग्न होऊन तिला लेस्टरला नवऱ्याकडे जायचं होतं. तिला गावातल्या एजंटने साधी आयईएलटीएस द्यायला लावली, चार विभागांची, तीन महिने क्लास लावून. नवऱ्याकडे जायच्या व्हिसाला ब्रिटनमध्ये पहिल्या वेळी ए-१ पातळीचं फक्त बोलणं आणि ऐकणं लागतं. त्यासाठी लाइफ स्किल्स नावाची छोटी परीक्षा आहे, समोर परीक्षक, शेजारी आणखी एक उमेदवार, नाव-गाव-स्वयंपाक असल्या गप्पा, पास किंवा नापास. आणि ब्रिटनच्या या व्हिसाला साधी आयईएलटीएस चालतच नाही, 'यूकेव्हीआय'वाली, म्हणजे तिथल्या व्हिसासाठीची वेगळी लागते, तीही त्यांच्या गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रावर. म्हणजे वहिनीने गरजेपेक्षा चौपट अभ्यास करून निरुपयोगी कागद आणला. ती कुणाला बोलली नव्हती. तिला वाटत होतं, आपलंच इंग्रजी कमी पडलं.

मी पैसे परत मागितले. क्लास झालाच, परीक्षा झालीच, मग परत कसले, असं उत्तर आलं. नोटीस पाठवल्यावर वीस हजारांचा चेक आला. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आधी विचारायचं असेल तर १९१५ या हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

तक्रारीचे कागद लावताना ओळखीच्या वकीलबाईंनी सगळ्या पावत्या टेबलावर मांडायला सांगितल्या. अठरा हजारांची पावती त्यांनी दोनदा वाचली, उलटी करून मागे काही आहे का बघितलं आणि माझ्याकडे सरकवली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "यांनी तुला कुठली परीक्षा देतो म्हणून सांगितलं, ते कुठे लिहिलंय?" पावतीवर निळ्या पेनने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: इंग्लिश टेस्ट, नग १.