पहिला जुना शेफील्ड चाकू: रॉजर्स, आयएक्सएल की फौजी?

जुना इंग्रजी घडीचा चाकू म्हणजे बहुतेक वेळा शेफील्डचा, इंग्लंडमधल्या चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहरातला. पहिल्यांदाच घेणाऱ्यासमोर साधारण तीन पर्याय येतात: जोसेफ रॉजर्सचा, जॉर्ज वॉस्टनहोमचा म्हणजेच आयएक्सएल ठशाचा, आणि ब्रिटिश फौजेचा. नाव वाचून भुलायला होतं. पण पैसे मोजायचे ते नावापेक्षा पात्यावर उरलेल्या पोलादासाठी. झिजलेल्या रॉजर्सपेक्षा भरल्या पात्याचा, कुणाला ठाऊक नसलेल्या कारखान्याचा चाकू केव्हाही सरस.

ठसा पाहायचा तो टँगवर, म्हणजे पातं मुठीत शिरतं तिथल्या बिनधारेच्या भागावर. भिंग आणि तिरपा उजेड हवाच. रॉजर्सची खूण तारा आणि माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या चार बाहूंचा क्रूस. राजघराण्याचे पुरवठादार असल्यामुळे त्यांच्या कित्येक चाकूंवर मुकुट आणि राज्यकर्त्याची आद्याक्षरंही असतात. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. जी आरने मात्र घोटाळा होतो, कारण चौथा, पाचवा आणि सहावा हे तिन्ही जॉर्ज त्यात बसतात. इथे ‘इंग्लंड’ हा शब्द कामी येतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर १८९१ पासून देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. जी आरसोबत ‘इंग्लंड’ दिसलं, तर चाकू विसाव्या शतकातला धरायला हरकत नाही. उलट नियम मात्र लावू नका: घरच्या बाजारासाठी केलेल्या चाकूवर १८९१ नंतरही नुसतं ‘शेफील्ड’ असू शकतं. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल, तर तो १९१३ च्या आधीचा नाहीच; हॅरी ब्रिअर्लीचं गंजरोधक पोलाद त्या वर्षीचं.

वॉस्टनहोमचा ओढा अमेरिकेकडे होता. कारखान्याचं नावच वॉशिंग्टन वर्क्स. रॉजर्सने १९७१ मध्ये ही कंपनी घेतली, त्यामुळे दोन्ही नावं एकत्र दिसली तर चाकू त्यानंतरचा. घडणीत दोघांचेही चांगले नमुने तोडीस तोड आहेत. निवड करायचीच तर नाजूक, अनेक पात्यांच्या कामासाठी रॉजर्स बघावा. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी त्यांनी ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू केला होता, यावरून त्यांची हौस कळते. मात्र दोन्ही नावांना मागणी असल्यामुळे नकली ठसेही आहेत. ठसा ठसठशीत आणि आजूबाजूचं टँग खड्डे पडलेलं, असं असेल तर हात आखडता घ्या.

फौजी चाकूचं रूप ठरलेलं: बोथट टोकाचं सरळ धारेचं पातं, टिन ओपनर, बहुधा दोराची गाठ सोडवायचा जाड टोच्या, काळी चौकटीदार मूठ आणि लटकवायची कडी. त्यावर बाणाची सरकारी खूण आणि बऱ्याचदा चक्क सालच ठोकलेलं असतं. पहिल्या खरेदीसाठी माझं मत यालाच. किंमत सहसा आवाक्यात, तारखेचा वाद नाही, आणि रोज वापरला तरी जीव हळहळत नाही.

आता पातं. चाकू मिटून वरून पाहा. मुख्य पात्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या टोकाजवळ पोचायला हवं. मध्ये मोठी फट असेल तर टोक मोडून पुन्हा घासलेलं आहे. मग नखाची खाच बघा. खाचेपासून धारेपर्यंतचं अंतर टँगच्या मानाने फारच कमी असेल, तर धार लावून लावून पातं संपत आलंय. उघडताना स्प्रिंगने पातं जोरात ओढलं पाहिजे आणि शेवटी स्पष्ट ‘खट्’ झालं पाहिजे. उघडं पातं आडवं हलत असेल तर खिळा ढिला आहे. तो ठोकून घट्ट करता येतो, पण हाडाची मूठ तडकण्याचा धोका असतो. मेलेल्या स्प्रिंगला मात्र सोपा उपाय नाही.

मुठीत हाड, म्हशीचं शिंग किंवा आबनूस निवडा. शेफील्डला सांबरशिंग मोठ्या प्रमाणात भारतातूनच जायचं, पण आज सांबर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या मुठीही भारतात घेऊ नका, मागवूही नका. सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लास्टिक दिसायला देखणं, पण ते कुजू लागलं की त्याच्या वाफेने शेजारचे चाकूसुद्धा गंजतात. मुठीला उग्र वास आणि तिच्या लगतच पात्यावर गंज दिसला तर चाकू तिथेच ठेवा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तीन इंचांपर्यंत धार असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू खिशात बाळगायला कारण द्यावं लागत नाही.

घरी आणल्यावर बफिंगच्या चाकाला लावू नका. ठसा पुसट होतो आणि किंमत पडते. करडी-काळपट झाक तशीच राहू द्या, फक्त लाल गंज तेल आणि सर्वांत बारीक स्टील वूलने काढा. सांधा जाम असेल तर जोर लावू नका. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून चाकू रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पातं थोडं थोडं हलवा आणि बाहेर येणारी काळी घाण पुसत राहा. चामड्याच्या म्यानात मात्र कायमचा ठेवू नका. त्यातल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं आणि पोलाद गंजतं.