घरच्यांना लोकेशन दाखवायचं ठरलंय? व्हॉट्सॲप, गूगल मॅप्स, फाइंड हब यांतलं काय निवडावं

पोरगी तालुक्याच्या कॉलेजात जाते, शेवटच्या एसटीने परतते आणि फाट्यापासून गाव दोन किलोमीटर आत आहे. दुसऱ्या घरचा कास्तकार रात्रीच्या लाइनीवर ओलिताला वावरात जातो. तिसऱ्या घरचे म्हातारे बाबा तपासणीला एकटेच नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जातात. तिन्ही घरांना गावात एकच सल्ला मिळतो: "फोनमध्ये लोकेशन चालू करून ठेवा." ते कोणाला दिसेल, किती वेळ दिसेल, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते या तीन घरांसाठी तीन वेगळी उत्तरं आहेत. चुकीचं निवडलं तर एकतर ऐनवेळी काहीच दिसत नाही, नाहीतर नको त्या माणसाला सगळं दिसत राहतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोन आपली जागा उपग्रहांकडून ओळखतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पण ती जागा दुसऱ्याच्या फोनवर पोहोचवायला नेट लागतंच. म्हणून मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला, टॉवरची रेंज सुटली की तुमच्या फोनला तुमची जागा माहीत असते, घरच्यांना नसते. त्यांच्या पडद्यावर ठिपका शेवटच्या रेंजच्या जागी थांबून राहतो. एसटी घाट उतरून पुढे गेलेली असते आणि घरी आई म्हणते, "गाडी जंगलातच उभी आहे, काही झालं का?" अशा वेळी ठिपका पाहू नका, त्याच्याजवळ लिहिलेली वेळ पाहा. "वीस मिनिटांपूर्वी" असं असेल तर ती वीस मिनिटांपूर्वीची जागा आहे, आत्ताची नाही. व्हॉट्सॲप आणि मॅप्स दोन्हीत ही वेळ दिसते. घरातल्या प्रत्येकाला ती वाचायला शिकवा, निम्मी घाबरगुंडी तिथेच कमी होते.

व्हॉट्सॲप की गूगल मॅप्स

खरी निवड बहुतेकांना या दोघांतच करायची असते.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन 2017 पासून आहे. त्यात तीनच पर्याय मिळतात: 15 मिनिटं, 1 तास, 8 तास. वेळ संपली की ते आपोआप बंद होतं आणि मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. विसरलात तरी दुसऱ्या दिवशी कोणी तुमच्या मागावर नसतं. ज्याला पाठवलं त्यालाच ते दिसतं, मधल्या कोणाला वाचता येत नाही आणि मधेच थांबवायचं तर एका बटणात थांबवता येतं. शिवाय घरातल्या सगळ्यांना व्हॉट्सॲप येतं, नवीन काही शिकावं लागत नाही.

पण एक मोठी खबरदारी घ्यावी लागते. लोकेशन ग्रुपवर टाकलं की ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. "आपला परिवार" नावाच्या ग्रुपमध्ये मामे-चुलत धरून कितीजण आहेत आणि त्यांचे फोन कोणाकोणाच्या हातात असतात, याचा विचार करा. पोरीने लोकेशन आईला किंवा भावाला एकट्याला पाठवावं. कोणाकोणाला सुरू आहे ते सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लाइव्ह लोकेशनमध्ये एका जागी दिसतं.

गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंगही 2017 चंच, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. त्यात तासाभरासाठीही देता येतं आणि "बंद करेपर्यंत" असंही देता येतं. समोरच्याला जागेबरोबर तुमच्या फोनची बॅटरी किती उरली, फोन चार्जिंगला लावला आहे का, हेही दिसतं. बाबांची बॅटरी 6 टक्क्यांवर आली होती आणि नंतर ठिपका थांबला, एवढं कळलं की पोराच्या जिवाला निम्मं हायसं वाटतं. समोरचा माणूस तुम्ही एखाद्या जागी पोहोचलात किंवा निघालात की सूचना यावी असंही लावून ठेवू शकतो. तसं लावलं तर तुम्हाला कळवलं जातं.

अडचण "बंद करेपर्यंत" या पर्यायाची आहे. एकदा दिलं की ते महिनोन्महिने चालू राहतं. गूगल मधूनमधून आठवणीचा ईमेल पाठवतं, पण गावात ईमेल उघडून वाचणारे किती? म्हणून मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारून लोकेशन शेअरिंग उघडा आणि यादी पाहा. त्यात ज्यांना तुम्ही लोकेशन दिलेलं दिसतं, त्यांतला प्रत्येकजण तुम्हाला पाहू शकतो.

दोन्हींना एक अडथळा सारखाच येतो. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात, त्यामुळे फोन खिशात गेला की ठिपका गोठतो. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बंधन काढून टाका.

फाइंड हब आणि फॅमिली लिंक

फाइंड हब म्हणजे गूगलचं पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस, 2025 मध्ये नाव बदललं. आता त्यात माणसंही दिसतात, पण त्याचं मुख्य काम हरवलेला फोन शोधणं, वाजवणं, लॉक करणं, गरज पडली तर पुसून टाकणं हेच आहे. नेट बंद असलेला फोन आसपासच्या इतर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथवरून शोधायची सोयही त्यात आहे. तिच्यावर गावाकडे फार विसंबू नका. मुळात ती फक्त वर्दळीच्या जागांसाठी चालू असते. सेटिंग बदलून सगळीकडे चालेल अशी करता येते आणि ती करावीच, पण पऱ्हाटीच्या वावरात पडलेल्या फोनजवळून दुसरा फोन गेलाच नाही तर सापडणार कसा? फोन चोरीला गेला असेल तर पोलीस तक्रारीनंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक देऊन तो बंद करता येतो. तो नंबर *#06# दाबल्यावर दिसतो, आजच वहीत लिहून ठेवा.

फॅमिली लिंक हे गूगलचं ॲप लहान मुलांच्या फोनवर आई-वडिलांनी लक्ष ठेवण्यासाठी आहे. शाळकरी पोराच्या फोनला ते ठीक. मोठ्या मुलीच्या किंवा बायकोच्या फोनवर नजर ठेवायला ते नाही.

घरात आयफोन असेल तर त्याच्या फाइंड मायमध्ये तासभर, दिवस संपेपर्यंत किंवा कायमचं असे पर्याय मिळतात. बाकी विचार तोच.

खातं कोणाचं आहे?

ही गोष्ट वरच्या सगळ्या तुलनेपेक्षा महत्त्वाची आहे. गावात नवीन फोन आणला की तो चालू करून देतो मोबाईल दुकानवाला किंवा घरातला शिकलेला पोरगा. जीमेल तोच काढतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. ज्याच्याकडे तो पासवर्ड असेल, त्याला स्वतःच्या फोनवरून त्या खात्यात शिरता येतं आणि फाइंड हबमध्ये तो फोन कुठे आहे हे पाहता येऊ शकतं. मग व्हॉट्सॲपवर 15 मिनिटंच दिली की 8 तास, याला अर्थ उरत नाही.

सेटिंग्जमध्ये गूगलवर जा, कोणतं खातं आहे ते पाहा. ते दुसऱ्याचं असेल तर काढा आणि स्वतःचं घाला. स्वतःचं असेल पण पासवर्ड दुसऱ्याने ठेवलेला असेल तर बदला. त्याच जागी सुरक्षा विभागात हे खातं कोणकोणत्या फोनवर उघडलेलं आहे त्याची यादी मिळते. अनोळखी फोन दिसला तर तिथूनच बाहेर काढा.

आणि हे मी मनापासून सांगतो: बायकोला, बहिणीला किंवा कॉलेजच्या पोरीला न सांगता तिच्या फोनवर असं काही लावू नका. काळजी आहे म्हणता, तर तिला विचारा. विचारून दिलेलं लोकेशन ती स्वतःहून चालू करते. लपून लावलेलं सापडलं की ती फोन घरी ठेवून जाते आणि खऱ्या गरजेच्या दिवशी तुमच्या हातात काहीच राहत नाही.

ॲपना किती द्यायचं

माणसांना लोकेशन देणं वेगळं आणि ॲपना देणं वेगळं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला "सतत", "ॲप वापरताना", "दर वेळी विचारा" आणि "नको" असे पर्याय असतात. अँड्रॉइड 12 पासून अचूकऐवजी अंदाजे जागाही देता येते. हा अंदाज साधारण 3 चौरस किलोमीटरचा असतो, म्हणजे शहरात एखादी वस्ती, आपल्याकडे अख्खं गाव आणि बराचसा शिवार. हवामानाला तेवढं पुरतं.

"सतत" कोणाला द्यावं? माझ्याकडे असं एक ॲप नक्की आहे: पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी. ते 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या आभाळातल्या विजेची सूचना देतं. सोयाबीनच्या सवंगणीत असताना फोन खिशातच असतो, तेव्हाच ती सूचना यायला हवी. ई-पीक पाहणीला अचूक जागा हवी, पण ती वावरात उभं राहून ॲप वापरतानाच. कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत: लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच आणि तुमच्या संमतीने. कॉन्टॅक्ट आणि गॅलरी मागता येत नाही. जे ॲप मागतं ते काढून टाका. टॉर्च, गेम, फोटो सजवणारी ॲप यांना लोकेशन द्यायचं काही कारणच नाही.

मग तीन घरांनी काय करावं

कॉलेजच्या पोरीसाठी व्हॉट्सॲप. एसटीत बसली की एकट्या आईला 1 तास, घरी पोहोचली की बंद. सोबत फोनमधली आपत्कालीन सोय लावून ठेवा. पॉवर बटण लागोपाठ दाबल्यावर 112 ला फोन जातो आणि ठरवलेल्या माणसांना जागा कळवता येते. किती वेळा दाबायचं हे फोनप्रमाणे बदलतं, सेटिंग्जमध्ये पाहून घ्या.

बाबांसाठी गूगल मॅप्स, पण त्यांना विचारून. जायच्या दिवसापुरतं द्या. बॅटरी दिसते, म्हणून इथे मॅप्स सरस. विसरभोळेपणाचा आजार असेल तर "बंद करेपर्यंत" योग्य, पण घरातल्या एकाच माणसाला.

रात्री ओलिताला जाणाऱ्यासाठी 8 तासांचं लाइव्ह लोकेशन, जर वावरात नेट टिकत असेल तर. बोलायपुरती रेंज असते पण नेट नसतं, अशी वावरं खूप आहेत. तिथे मॅप्सवर निळ्या ठिपक्याजवळ बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. ते फोनवर सांगता येतात किंवा साध्या मेसेजने पाठवता येतात. घरी कोणीतरी ते मॅप्सच्या शोध चौकटीत टाकलं की नेमकी जागा उघडते. साप चावला, 108 बोलावली आणि पांदण रस्त्याने नेमकं कुठे वळायचं हे ड्रायव्हरला कळत नसेल, तेव्हा हेच आकडे कामी येतात. एकदा दिवसाउजेडी करून पाहा, म्हणजे अंधारात बोट अडखळणार नाही.

तेंदूपत्त्याला किंवा मोहफुलाला जंगलात जाणाऱ्यांसाठी मात्र यातलं काहीच भरवशाचं नाही. रेंजच नसते. तिथे कोणत्या बाजूने शिरणार, सोबत कोण आणि किती वाजेपर्यंत परत, हे निघताना घरी सांगून जा. ती वेळ टळली की ठिपक्याची वाट न पाहता घरच्यांनी माणसं गोळा करावीत आणि वनरक्षकाला फोन लावावा. त्याचा नंबर घरात आधीपासून लिहिलेला असावा.