स्वस्तातली हवेची कयाक, वर्षभरानंतर: काट्यांपेक्षा उन्हाला जपा

‘जास्त हवा भरल्यामुळे जोड सुटला आहे, वॉरंटीत बसत नाही.’ माझ्या कयाकीच्या (हवा भरून फुगवायच्या, वल्ह्याने चालवायच्या छोट्या नावेच्या) तक्रारीवर सर्व्हिसवाल्यांचं हे एका ओळीचं उत्तर आलं तेव्हाच हा अनुभव लिहायचं ठरवलं होतं. तेव्हाच लिहिला असता तर ‘घेऊ नका’ यापलीकडे काही नसतं. दुरुस्तीनंतर तीच कयाक पावसाळाभर चालवली आणि वस्तूबद्दलचं मत बरंच बदललं. विकणाऱ्यांबद्दलचं बदललेलं नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, शेजारी पाळ (मातीचा बांध) घातलेला जुना मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला. हिवाळ्यात बदकं उतरतात, ती पाण्यातून पाहता यावीत एवढ्यासाठी ही कयाक घेतली. लाकडी नाव बांधायची ऐपत नाही आणि फायबरची ठेवायला घरात जागा नाही. बारा हजारांच्या आत जी मिळत होती ती घेतली. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे, म्हणून पहिल्यांदा त्यांना विचारलं आणि जाळी कुठे लागतात ते समजून घेतलं. तुम्हीही विचारूनच उतरा. नवेगावबांधला स्वतःची नाव घेऊन जायचं मनात असेल तर ते व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे, तिथे परवानगीशिवाय पाण्यात पाय घालू नका.

सगळ्यांनी भीती घातली ती काट्यांची. आमच्या तलावाच्या एका कोपऱ्यात शिंगाडा आहे, पाळीला बाभळी आहेत, काठाला बेशरम माजलेला. शिंगाड्याच्या फळाला दोन्ही बाजूंना शिंगासारखे काटे असतात, ते वाळले की खिळ्यासारखे टोचतात. तरी या पीव्हीसीने ते निभावलं. वेलींवरून कयाक सरकत जाते, काटा घासला तरी पांढरा ओरखडा उठतो आणि तेवढंच. बाभळीच्या काट्याने एकदा बारीक छिद्र पाडलं, ते सोबत आलेल्या ठिगळाने बुजलं. उतरायच्या जागी एक जुनी ताडपत्री अंथरतो, बाकी काही करावं लागलं नाही. या बाबतीत पैसे वसूल आहेत.

खरी गोष्ट हवेच्या दाबाची आहे, आणि ती माहितीपुस्तिकेत धड लिहिलेली नाही.

या कयाकींना काटा असलेला दाबमापक नसतो. कयाकीच्या फुगणाऱ्या बाजूच्या नळीवर छापील खुणा असतात आणि सोबत मोजायची एक पट्टी येते. हवा भरत गेलं की पीव्हीसी ताणतं, त्याबरोबर छपाईही ताणते. खुणा पट्टीशी जुळल्या की दाब बरोबर. साधी, स्वस्त आणि हुशार सोय आहे. अडचण अशी की पट्टी फक्त त्या क्षणाचा दाब सांगते. पहाटे घरी जुळवलेली कयाक गार पाण्यात टाकली की थोड्या वेळात मऊ पडते. नव्या माणसाला वाटतं, गळते आहे. गळत नसते, हवा थंड होऊन आकसलेली असते. पुस्तिका म्हणते, दाब कमी वाटल्यास पुन्हा भरा. ते चालण्यापुरतं ठीक आहे. पण तीच भरलेली कयाक दुपारी पाळीवर ओढून ठेवली तर काय होतं, यावर अवाक्षर नाही.

एप्रिलच्या शेवटी ते कळलं. आम्ही पळसाखाली डबा खात बसलो होतो, कयाक दहा पावलांवर उन्हात होती. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. झाकणातून वाफ सुटावी तसा फुस्स आवाज येत राहिला आणि डावी बाजू आमच्या डोळ्यांदेखत खाली बसली. झडपेपासून वीतभर अंतरावर जोड उघडला होता. नळी इतकी तापली होती की हात ठेववत नव्हता.

नंतर मी हिशोब मांडला, कारण हिशोबाशिवाय भांडता येत नाही. सकाळी आतली हवा २७ अंश, दुपारी ५७ अंश धरा. केल्विनमध्ये (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून) ३०० वरून ३३०, म्हणजे सरळ दहा टक्के वाढ. ही वाढ एकूण दाबावर लागते. वातावरणाचा दाब साधारण १४ पीएसआय, त्यावर कयाकीतला १, मिळून १५. त्याचे दहा टक्के म्हणजे दीड. पीव्हीसी ताणलंच नाही असं धरलं तर १ चा दाब अडीच होतो. मोटरसायकलच्या २८ पीएसआयच्या टायरला हीच उष्णता लागली तर दाब ३२ च्या आसपास जाईल, त्याला काही होत नाही. कमी दाबाच्या वस्तूलाच ऊन सगळ्यात जास्त बाधतं. त्यातून या किमतीत आपोआप हवा सोडणारी झडप मिळत नाही. पीव्हीसी थोडं ताणून काही भार घेतं, बाकीचा जोडावर येतो. ज्या भागात मे महिन्यात ४५ अंश जातं तिथे हे विकायचं आणि पुस्तिकेत उन्हाबद्दल ‘थेट सूर्यप्रकाशात साठवू नये’ एवढंच छापायचं, याला मी निष्काळजीपणा म्हणतो. साठवणं वेगळं आणि जेवायला थांबणं वेगळं.

सर्व्हिसला मी हे सगळं लिहिलं. पट्टीसकट काढलेला फोटो जोडला, खुणा बरोबर जुळलेल्या दिसत होत्या. उत्तर तेच: जास्त हवा. मग म्हणाले, कयाक स्वखर्चाने कुरिअर करा, तपासतो. कुरिअरचा खर्च ऐकून मी नको म्हटलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र त्यांचा फोन आला आणि नव्या कयाकीवर सूट देऊ केली. मला नवी नको होती, दुरुस्ती हवी होती. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं जमवतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दुरुस्ती शेवटी साकोलीच्या चप्पल-बूट शिवणाऱ्या काकाजींनी केली. त्याआधी पंक्चरवाल्याचं रबर सोल्युशन लावून पाहिलं होतं, ते दोन दिवसांत सोललं. पीव्हीसीला ते धरत नाही. फेविक्विक तर लावूच नका, ते कडक होतं आणि वाकलं की तडकतं. काकाजी सोल चिकटवायला पीयू (पॉलियुरेथेनचा गोंद) वापरतात. त्यांनी तेलकटपणा पुसून काढला, ठिगळाचे कोपरे गोल कापले (“कोना ठेवला का तिथूनच उकलते, भाऊ”), दोन्ही बाजूंना पातळ थर दिला, बोटाला चिकटेल न चिकटेल इतका सुकू दिला आणि मग हातोडीच्या दांड्याने दाबत दाबत बसवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत हवा भरायची नाही असं बजावलं. घरी साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. शंभर रुपयांत काम झालं. नशीब एवढंच की जोड बाहेरचा होता. तळाला आतून धरून ठेवणारी पट्टी सुटली असती तर तळ फुगून वर आला असता आणि त्याला कोणी हात लावू शकलं नसतं.

तेव्हापासून खुणा पट्टीपेक्षा थोड्या कमीवरच थांबवतो, आणि काठाला लागताच दोन्ही झडपा क्षणभर उघडून फुस्स करून घेतो. परत निघताना पंप मारायला दोन मिनिटं लागतात. सावली असली तरी हे चुकवत नाही, कारण सावली सरकते.

बाकीचं थोडक्यात. खालची फिन (तळाला लावायची माशाच्या परासारखी पाती) नसेल तर कयाक सरळ जात नाही, पण शेवाळात तीच अडकते. तलावात शेवाळ दाट असेल तिथे मी ती काढून ठेवतो. वल्ही हलकी आहेत, टिकली आहेत. पाठीची गादी कामाची नाही, मी घरची उशी पोत्यात शिवून घेतली. वारा सुटला की ही कयाक पानासारखी वाहते, म्हणून उन्हाळ्यात ढग दाटले की उतरत नाही. लाइफ जॅकेट सोबत येत नाही, त्याचे पैसे आधीच बाजूला काढा. घडी घालण्याआधी तळाच्या फटीतलं पाणी फडक्याने टिपा, नाहीतर कुबट वास धरते. आणि धानाच्या कोठीजवळ ठेवू नका, उंदीर पीव्हीसी कुरतडतात. माझी आढ्याला टांगलेली असते.

बदकांसाठी घेतली होती, तर तेही सांगतो. डोंग्यावर बांबू टेकवत गेलं की लालसरी बदकांचा थवा लांबूनच उठायचा. कयाकीत माणूस पाण्यालगत बसलेला असतो आणि वल्हं हळू टाकलं तर आवाजही नसतो. थवा चरत राहतो, दुर्बिणीची गरज उरत नाही. आमच्या जिल्ह्यात सारस आहेत, ते दिसले तर मात्र तिथूनच वळतो, जवळ जात नाही.

याच किमतीत दुसरी घ्यायची वेळ आली तर घेईन, फक्त या विक्रेत्याकडून नाही. घेण्याआधी एकच विचारा: दुपारच्या उन्हात भरलेली कयाक काठावर ठेवायची झाली तर हवा किती कमी करायची? उत्तर लेखी घ्या आणि बिलासोबत जपून ठेवा.