जर्मनीत एक सेमिस्टर: चेहऱ्याला लावायचं इथून न्यावं की तिथे घ्यावं?

एक्स्चेंजसाठी निवड झाल्याची मेल आली की घरात बॅगेची यादी सुरू होते. कुकर, मसाल्याचा डबा, थर्मल, अडॅप्टर. यादीच्या शेवटी ‘क्रीम वगैरे’ एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या यादीतही तसंच होतं. मी पुण्याहून हिवाळी सेमिस्टरसाठी कार्ल्सरूहला गेले, सप्टेंबरअखेर ते मार्च. निघण्याच्या पंधरा दिवस आधी मी हौसेने तीन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या: व्हिटॅमिन सीचं सीरम, मृत कातडी काढणारं ग्लायकोलिक ॲसिड आणि नवं सनस्क्रीन. विमानात बसले तेव्हा कपाळ आणि गाल लाल होते, आग होत होती, आणि तिघांपैकी नक्की कशाने झालं हे सांगायला मार्ग नव्हता. नव्या देशातला पहिला आठवडा, सिटी ऑफिसातली नोंदणी, बँकेचं खातं, हॉस्टेलच्या नव्या ओळखी, हे सगळं त्या चेहऱ्याने करावं लागलं. म्हणून हा आढावा मन लावून लिहिते आहे.

प्रश्न दोन बाजूंचा वाटतो: सहा महिन्यांचं सगळं इथून भरून न्यायचं, की हात हलवत जाऊन तिथे घ्यायचं? माझ्या मते वस्तूगणिक उत्तर बदलतं. पण त्याआधी पारखण्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण बहुतेकींची चूक तिथेच होते.

आपण नव्या वस्तू वापरून बघतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊस, हवा ओली, टॉवेल दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत घट्ट क्रीम लावलं की चेहरा चिकट होतो आणि आपण म्हणतो, ‘हे मला सूट होत नाही.’ हलकं जेल लावलं की छान वाटतं आणि त्याच्या तीन ट्यूब बॅगेत जातात. नोव्हेंबरमध्ये तिकडे नेमकं उलटं होतं. सकाळी बाहेर दोन-चार अंश तापमान असतं. थंड हवेत मुळात बाष्प कमी मावतं, तीच हवा खोलीत आली आणि हीटरने वीस अंशांपर्यंत तापली की आणखी कोरडी पडते. पावसाळ्यात आवडलेलं जेल तिथे दहा मिनिटांत नाहीसं होतं आणि हसलं तरी गाल ताणल्यासारखे वाटतात.

तेव्हा पुण्या-मुंबईत बसून एकच गोष्ट पारखता येते: आपली त्वचा ही वस्तू सोसते का. ती वस्तू पुरेशी पडेल का, छान वाटेल का, हे तिथल्या हवेतच कळतं. (नागपूर-अकोल्याच्या मुलींना डिसेंबरच्या कोरड्या थंडीची थोडी सवय असते. कोकण आणि मुंबईवाल्यांना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.)

सोसतं की नाही हे पाहायची पद्धत साधी आहे. एका वेळी एकच नवी वस्तू घ्यायची. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायची. काही झालं नाही तरच चेहऱ्यावर आणायची, आणि पुढची वस्तू त्यानंतर किमान दोन आठवड्यांनी. तीन वस्तू पारखायच्या असतील तर हिशेब दोन महिन्यांवर जातो. सप्टेंबरअखेर निघणाऱ्यांनी जुलैत सुरुवात केलेली बरी. शेवटच्या तीन आठवड्यांत नवं काहीही नको, मैत्रिणीने कितीही कौतुक केलं तरी.

आता एकेक वस्तू.

मॉइश्चरायझर: तिथे घ्या, डोळे मिटून

इथे तुलना करण्यासारखं फारसं नाही. जर्मनीत गल्लोगल्ली डीएम आणि रॉसमन ही साबण-शाम्पू-क्रीमची दुकानं आहेत. डीएमचं तर पहिलं दुकान १९७३ साली कार्ल्सरूहमध्येच उघडलं आणि मुख्यालयही तिथेच आहे. या दुकानांची स्वतःची स्वस्त उत्पादनं असतात, डीएमची बालेआ आणि रॉसमनची इसाना. त्यांत युरिया असलेली क्रीम आणि लोशन सहज मिळतात, पाच टक्के, दहा टक्के असं वर ठळक लिहिलेलं. युरिया त्वचेत पाणी धरून ठेवतो आणि दहा टक्क्यांना पोचला की जाड, खरखरीत कातडी मऊ करतो. आपल्याकडे युरियाची क्रीम बहुतेक मेडिकलमध्ये, टाचांसाठी म्हणून मिळतात. तिथे ती शाम्पूच्या शेजारच्या फळीवर असतात. किंमत काही युरोंची. एका युरोला शंभरच्या आसपास रुपये धरले तरी आपल्या चांगल्या क्रीमपेक्षा महाग नाही.

वजनाचाही विचार करा. हिवाळ्यात अंगाला रोज लोशन लागतं. सहा महिन्यांत ४०० मिलीच्या तीन बाटल्या सहज संपतात, म्हणजे सव्वा किलोहून जास्त. २३ किलोंच्या बॅगेत एवढ्या वजनात पोहे, गोडा मसाला आणि चटण्या बसतात, आणि कार्ल्सरूहच्या दुकानात गोडा मसाला मिळत नाही.

इथून फक्त रोजच्या सवयीच्या क्रीमची एक छोटी ट्यूब न्या, पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरती. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडली तर. शनिवारी रात्री पोचलात तर सोमवारपर्यंत थांबावं लागतं. शिवाय तिथलं नवं क्रीमसुद्धा आधी कोपरावरच लावून बघायचं आहे.

लेबलवरचे दोन-तीन शब्द पाठ असू द्या. ‘ओने पारफ्यूम’ म्हणजे सुगंध न घातलेलं. ‘ट्रॉकेने हाउट’ म्हणजे कोरडी त्वचा. घटकांची यादी मात्र जगभर बहुतेक त्याच नावांनी छापतात, त्यामुळे इथल्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो काढून नेला की तिथल्या ट्यूबशी ताडून बघता येतं. मला याचा फार उपयोग झाला.

फेसवॉश आणि तिथलं पाणी

पुण्यात आपण धरणाच्या पाण्याने तोंड धुतो. कार्ल्सरूहचं पाणी जड आहे, बोअरच्या पाण्यासारखं. आठवड्याभरात किटलीत पांढरा थर धरतो. अशा पाण्यात साबण कमी फेसाळतो आणि त्याचा चिवट थर कातडीवर राहतो. जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशांत मोजतात आणि १४ अंशांच्या वर गेलं की ते ‘कठीण’ धरतात. त्या त्या शहराच्या पाणीपुरवठा कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाचा आकडा सापडतो. खोलीचा पत्ता मिळाला की आधी तो बघा.

आकडा जास्त असेल तर इथला कडुनिंबाचा किंवा सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश तिथे दिवसातून दोनदा वापरू नका. तिथला साधा, कमी फेसाचा क्लिन्झर घ्या आणि सकाळी नुसतं पाणी पुरे. इथला फेसवॉश नेलात तर रात्रीपुरता. केसांचं म्हणाल तर जड पाण्याने तेही राठ होतात, कंडिशनर तिथेच घ्या.

सनस्क्रीन: यात खरी चुरस आहे

इथलं सनस्क्रीन आपल्या रंगाला धरून बनवलेलं असतं. सावळ्या चेहऱ्यावर पांढरट न दिसणारी जेल आणि टिंट असलेली ट्यूब आपल्याकडे भरपूर मिळतात. तिथल्या फळीवरची बरीच सनस्क्रीन गोऱ्या कातडीवर लावून बघितलेली वाटतात. झिंक किंवा टायटॅनियम असलेलं घेतलंत तर राखाडी झाक येते. शिवाय बऱ्याच ट्यूबमध्ये सुगंध आणि अल्कोहोल असतं, आणि हिवाळ्यात आधीच कोरड्या पडलेल्या कातडीला ते झोंबतं.

दुसरी बाजूही भक्कम आहे. युरोपात ट्यूबवर गोलात ‘यूव्हीए’ लिहिलेलं असेल तर यूव्हीए या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण एसपीएफच्या, म्हणजे ट्यूबवरच्या संरक्षणाच्या आकड्याच्या, किमान एक तृतीयांश आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या ‘पीए’ आणि अधिकच्या चिन्हांऐवजी तिथे हा गोल बघायचा. एसपीएफलाही तिथे ‘एलएसएफ’ म्हणतात. मी पहिल्या दिवशी फळीसमोर उभी राहून एसपीएफ शोधत होते आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडचं अंगाला लावायचं सनस्क्रीन, २०० मिली, पाच युरोंच्या आसपास मिळतं. त्या भावात आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब येते.

आता गरज किती? चेहरा आणि मानेला दोन बोटांएवढं सनस्क्रीन लागतं, सव्वा ग्रॅमच्या आसपास. रोज लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आत संपते. सहा महिन्यांच्या चार-पाच ट्यूब झाल्या. पण पुण्यात एप्रिल-मेमध्ये अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, अकराच्या पुढे जातो आणि कार्ल्सरूहला डिसेंबरात तो जेमतेम एक असतो. निर्देशांक तीनच्या खाली असेल तर साधारण माणसाला सनस्क्रीनची गरज नसते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप सांगतं. चार वाजता अंधारून येणाऱ्या दिवसांत मी लायब्ररीत बसून सनस्क्रीन लावत होते, त्यापेक्षा तेवढं जास्तीचं क्रीम लावलं असतं तर गाल तडकले नसते.

म्हणून माझा निवाडा असा: हिवाळी सेमिस्टरला जाणाऱ्यांनी आपल्या सवयीचं, आपल्या रंगावर बसणारं एक, फार तर दोन ट्यूब इथून न्या. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये ती कामी येतील. बर्फात जाणार असाल तर जपून ठेवा, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. एप्रिलला सुरू होणाऱ्या उन्हाळी सेमिस्टरचं गणित वेगळं आहे. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत ऊन असतं आणि सगळे तळ्याकाठी पडून असतात. त्यांनी चेहऱ्यासाठी इथून तीन ट्यूब न्याव्यात आणि हातापायांसाठी तिथली मोठी बाटली घ्यावी.

मुरुमांची औषधं: इथे हलगर्जीपणा नको

आपल्याकडे ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइनची ट्यूब मेडिकलवाले काका अनेकदा चिठ्ठी न बघता देतात. नियमाने ती इथेही चिठ्ठीचीच औषधं आहेत. जर्मनीत मात्र चिठ्ठीशिवाय मिळणारच नाहीत आणि त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड तेवढं औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळतं. औषधाचं दुकान म्हणजे लाल रंगात मोठा ‘ए’ असलेलं आपोटेके. डीएमच्या दुकानात ते मिळत नाही.

रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप, असलेल्या सीरमचाही फरक आहे. युरोपीय संघाने चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के ठरवली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नवी उत्पादनं त्यापेक्षा तीव्र आणता येत नाहीत आणि मे २०२७ नंतर जुनीही विकता येणार नाहीत. इथे एक टक्क्याचं वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खरं तर कोरड्या थंडीत एक टक्का सोसणारही नाही.

ज्यांचं औषध आधीच चालू आहे आणि लागू पडलं आहे, त्यांनी ते न्यावंच. मूळ खोक्यात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरतं. स्वतःच्या गरजेपुरतं औषध जवळ नेता येतं, त्याची मर्यादा जर्मनीत साधारण तेवढीच धरतात. पुढच्या तीन महिन्यांसाठी ऑक्टोबरातच तिथल्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा. आणि ‘नंतर आई कुरिअरने पाठवेल’ यावर विसंबू नका. युरोपाबाहेरून टपालाने औषध मागवायला जर्मनीत साधारणपणे मनाई आहे.

ज्यांना नव्याने सुरू करायचं आहे त्यांना मी मनापासून सांगेन: जूनमध्ये सुरू करा, नाहीतर परत आल्यावर. या औषधांचा गुण दिसायला तीनेक महिने लागतात आणि पहिले काही आठवडे कातडी सोलते, मुरुमं वाढल्यासारखी वाटतात. ते दिवस आपल्या घरात, आपल्या डॉक्टरच्या नजरेखाली गेलेले बरे. मुरुमं फार असतील तर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांना तर रक्ततपासण्या आणि नियमित भेटी लागतात. निघायची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आणि एक ट्यूब कोणीही नेऊ नका. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली ‘गोरं करणारी’ क्रीम आपल्याकडे मैत्रिणीच्या सांगण्यावरून वापरली जातात. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ आणि लाल होते आणि थांबवलं की उसळते. ते थांबवायचं तर इथेच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, जाण्याआधी काही महिने.

आजीची पिशवी

उटणं, हळद, मुलतानी माती माझ्या बॅगेत होती आणि ती तशीच परत आली. कोरड्या हवेत लेप आणखी ओढ देतो. कैलास जीवनची डबी मात्र उपयोगी पडली, टाचांना आणि हातांच्या भेगांना. खोबरेल तेलाच्या आधाराचं असल्यामुळे मुरुमांच्या चेहऱ्यावर मी लावणार नाही. त्याहून सरस ठरली ती सावंतवाडीच्या मावशीने दिलेली कोकमाच्या तेलाची वडी, जिला काही जण भिरंडेल म्हणतात. घट्ट असते, सांडत नाही, आणि रात्री मेणबत्तीवर थोडी वितळवून भेगांत भरली की चार दिवसांत फरक पडतो. खोबरेल न्याल तर ते २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा रुंद तोंडाच्या बरणीत न्या. अरुंद बाटलीतून जानेवारीत काही बाहेर येत नाही.

ओठांना लावायला आजीने साजूक तुपाची डबी दिली होती. ती शेवटच्या क्षणी घरीच ठेवली. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, तूपही त्यातच आलं. ओठांचा बाम तिथे दीड-दोन युरोंत मिळतो. हँडबॅगेत द्रवपदार्थांचा नियम बहुतेक विमानतळांवर तोच आहे: १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. वडी घट्ट दिसत असली तरी मी ती मोठ्या बॅगेतच टाकली, खोबरेलाच्या बरणीशेजारी, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून.